मुंबईच्या फ्लॅटमध्ये फुलझाड: सायक्लेमेन की अँथुरियम?

डिसेंबरात मुंबईच्या नर्सऱ्यांमध्ये सायक्लेमेन दिसायला लागतं: पाकळ्या मागे वळलेल्या, पानांवर रुपेरी नक्षी. शेजारी बाराही महिने मिळणारं लाल, तुकतुकीत अँथुरियम. विचारलं तर दोन्ही ‘इनडोअर’च. पण दोघांना लागणारी हवा अगदी उलट आहे, आणि मुंबई त्यांतल्या एकालाच मानवते.

सायक्लेमेन भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरचं, तुर्कस्तान-सीरिया-लेबनॉनकडचं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. म्हणून ते थंडीत फुलतं आणि उन्हाळ्यात पानं टाकून नुसता कंद उरतो. फुलायला त्याला १० ते १८ अंश हवेत. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी पारा ३० पर्यंत जातो, गारवा काय तो पहाटेच मिळतो. एसी २४ वर लावून भागत नाही. ते तापमानही त्याला जास्तच, शिवाय एसीचा थेट झोत कळ्या सुकवतो आणि बंद केला की खोली पुन्हा तापते.

अँथुरियम कोलंबिया-इक्वाडोरच्या दमट जंगलातलं. १८ ते ३२ अंश आणि ओलसर हवा त्याला चालते, म्हणजे मुंबईत त्याचं घरच्यासारखं जमतं. आपण ज्याला फूल म्हणतो ते रंगीत पान असतं, खरी फुलं मधल्या दांड्यावर बारीक बारीक. म्हणूनच ते दीड-दोन महिने टिकतं.

तेव्हा सरळ सांगायचं तर सायक्लेमेन घ्यायचं ते महिना-दोन महिन्यांचा पुष्पगुच्छ म्हणून. वर्षानुवर्षं टिकणारं झाड हवं असेल तर अँथुरियम.

तरीही सायक्लेमेनचा मोह सुटत नसेल तर डिसेंबरअखेर घ्या. उमललेली फुलं मोजू नका. पानं बाजूला करून मध्ये बघा: कंदाजवळ बारीक कळ्यांची दाटी हवी, राखाडी बुरशी नको. कंद बोटाने दाबला तर टणक लागला पाहिजे. घरी पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीत, थेट उन्हापासून लांब ठेवा. रात्री खिडकी उघडी राहिली तर उत्तमच.

खरी परीक्षा पाण्याची. वरून ओतलेलं पाणी कंदाच्या माथ्यावर साचतं आणि तिथेच कूज सुरू होते. कुंडी बशीत ठेवून बशीत पाणी घाला, १५-२० मिनिटांनी उरलेलं ओतून टाका. झाडाने मान टाकली म्हणून लगेच पाणी देऊ नका, आधी कुंडी उचलून बघा. हलकी असेल तर तहान आहे, बशीतल्या पाण्याने काही तासांत देठ उभे राहतात. जड असेल, माती ओली असेल आणि तरी देठ लोळत असतील, तर मुळं किंवा कंद कुजलाय; मग पाणी दिलं की शेवटच. ज्या शोभेच्या कुंडीला तळाला भोक नाही, तिच्यात हे हमखास होतं.

सुकलेलं फूल कात्रीने कापू नका. देठ कंदाजवळ धरून पिळा आणि झटक्यात ओढा, मुळापासून निघतो. खुंट राहिला तर त्यावर बुरशी येते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं पिवळी पडली की पाणी हळूहळू बंद करून कंद कोरडा, सावलीत, वारा लागेल असा ठेवायचा. पण त्याच्या झोपेचे महिने म्हणजे आपला पावसाळा. त्या दमट हवेत बरेच कंद सडतात. वाचलाच तर ऑक्टोबरच्या उकाड्यात जागा करू नका, नोव्हेंबर सरत आला की पाणी सुरू करा.

अँथुरियमचं काम त्या मानाने सोपं. नुसत्या लाल मातीत मात्र ते गुदमरतं. नारळाच्या सोडणाचे तुकडे दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक भाग, लाकडी कोळसा आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) मिळून एक भाग असं मिश्रण करा. वरचा दोनेक सेंटिमीटर थर सुकला की पाणी. इमारतीला बोअरवेलचं किंवा टँकरचं खारट पाणी येत असेल तर कुंडीच्या काठावर पांढरा थर जमतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. मग अधूनमधून चांगल्या पाण्याने कुंडी तळातून वाहेपर्यंत धुवून काढायची. दर दोन वर्षांनी मिश्रण बदला.

पानं भरपूर पण फूल नाही, ही अँथुरियमची नेहमीची तक्रार, आणि बहुतेकदा कारण प्रकाशाचं असतं. हॉलच्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट पुरत नाही. झाड खिडकीपासून हात-दोन हातांवर हवं, दुपारचं ऊन पडदा गाळून आलेलं. पावसाळ्यात पानांच्या कडेला पाणी मुरल्यासारखे, पिवळी कड असलेले डाग दिसले तर तो जिवाणूंचा करपा. ती पानं काढून टाका, कात्री स्पिरिटने पुसा आणि पानांवर पाणी फवारणं थांबवा.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर दोन्ही झाडं उंचावर ठेवा. सायक्लेमेनचा कंद विषारी असतो, आणि अँथुरियमचं पान चावलं तर तोंडाची आग होते.