फॉर्म की स्टॉपवॉच, घाट की द्राक्षबाग? प्रेमकथेच्या ट्रेलरआधीचे निर्णय

माझी मामेबहीण मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती आणि तिच्या ग्रुपमधले आणखी तिघं सध्या एका प्रेमकथेचा ट्रेलर करतायत. सिनेमा नाही, फक्त ट्रेलर. नायिका नाशिकच्या सिडकोत वाढलेली, बँकेच्या परीक्षा देणारी. नायक पिंपळगावच्या बागायतदाराचा एकुलता एक. गेल्या रविवारी कॉलेज रोडला चहा पिता पिता तिने विचारलं, "दादा, आधी काय करू?" तीन वर्षांपूर्वी आम्हीही असाच ट्रेलर केला होता आणि आमच्या बहुतेक चुका कॅमेरा हातात घ्यायच्या आधीच होऊन गेल्या होत्या. म्हणून हे जरा सविस्तर.

पहिला पेच: आख्खी पटकथा लिहायची की थेट ट्रेलरच लिहायचा? आम्ही पटकथा लिहिली, वीस पानं. प्रसंग पूर्ण शूट केले. जेवणाच्या ताटावरचं चार मिनिटांचं भांडण दुपारभर घेतलं आणि एडिटला त्यातला एकच शॉट कामाला आला: ती बोलता बोलता ताट पुढे सरकवते आणि वाटीतली आमटी हिंदकळते. बाकी सगळं हार्ड डिस्कवर पडून आहे. थेट ट्रेलर लिहिला तर ही मेहनत वाचते, पण मग पात्रं जाहिरातीतल्या जोडप्यासारखी होतात. हसतात, पळतात, रडतात. का, ते कुणालाच माहीत नसतं.

माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, फक्त एका अटीवर. कथा एका पानात लिहा, शेवटासकट. शेवट ट्रेलरमध्ये दाखवायचा नाही, पण तुम्हाला तो ठाऊक हवा. मग थेट शॉटची यादी. दीड मिनिटाचा ट्रेलर आणि सरासरी दोन सेकंदांचा शॉट धरला तर ४५ शॉट होतात. एवढीच यादी घेऊन बाहेर पडा. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना चित्रित केलं आणि ती छोटीशी फिल्म दाखवून पैसा उभा केला. त्यासाठी त्यांना आख्खी बाग शूट करावी लागली नव्हती.

आता संशोधन. बहुतेक ग्रुप इथेच सगळ्यात सोपा रस्ता धरतात: गूगल फॉर्म. 'तुम्हाला प्रेमकथा आवडतात का?' 'ट्रेलरमध्ये गाणं हवं का?' लिंक वर्गाच्या ग्रुपवर, मेसच्या ग्रुपवर, चुलत भावंडांच्या ग्रुपवर. उत्तरं येतात, रंगीत गोल चार्ट होतो, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तो झकास दिसतो. पण 'हो, आवडतात' या उत्तरावरून सोळाव्या सेकंदाला काय दाखवायचं ते कळत नाही. शिवाय उत्तरं देणारे सगळे तुमचेच, त्यामुळे गोड बोलणारे.

दुसरा रस्ता कंटाळवाणा आहे. पाच ट्रेलर घ्या, त्यातले निदान दोन मराठी. पहिल्यांदा आवाज बंद करून बघा. मग वहीत रकाने आखा: सेकंद, शॉटमध्ये काय, कॅमेरा किती जवळ, आवाज कुणाचा. प्रत्येक कटला थांबवून नोंद. एका ट्रेलरला तास-दीड तास जातो. पण तिसऱ्या ट्रेलरपर्यंत हाताला सवय होते आणि सांगाडा दिसायला लागतो: आधी भेट आणि गंमत, सावकाश, मग एखादं वाक्य किंवा फोन, संगीत तुटतं, मग घरचे, अंतर, पाऊस, भराभर कट, नाव येतं, आणि नावानंतर एक छोटासा हळवा किंवा विनोदी तुकडा. हे आपल्याला आधीपासून माहीत आहे असं वाटतं. सेकंद मोजल्याशिवाय ते वापरता येत नाही. आमच्या पहिल्या कटमध्ये अडचण एक मिनिट दहा सेकंदांनी आली होती. तोवर बघणाऱ्याने मोबाइल उचललेला.

लांबीचंही तेच. अमेरिकेत थिएटरमधल्या ट्रेलरला अडीच मिनिटांची मर्यादा होती आणि २०१४ मध्ये तिथल्या थिएटरमालकांच्या संघटनेने ती दोनवर आणायला सुचवलं. व्यावसायिकांना दोन पुरतात, तर तुम्ही दीडवर थांबा.

फॉर्म टाकाऊ नाही, त्याची वेळ चुकते. कच्चा कट झाला की अनोळखी दहा-बारा जणांना दाखवा आणि एकच विचारा: "यांच्यात नेमकं काय आडवं आलंय?" उत्तर 'घरच्यांचा विरोध' असं मोघम आलं तर बागेचा आणि नोकरीचा पेच तुमच्या ट्रेलरमध्ये पोचलेलाच नाही.

लोकेशनवर मात्र ग्रुपमध्ये खरी जुंपलीय. अर्धे गोदाघाटाच्या बाजूने, अर्धे द्राक्षबागेच्या.

घाट फुकटात भव्य दिसतो. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणवाहिनी होते, त्यामुळे सकाळी ऊन पंचवटीच्या मागून येतं आणि तिथल्या पायऱ्यांवर नदीकडे तोंड करून बसलेल्या मुलीच्या केसांना उजेडाची कड मिळते. संध्याकाळी तेच ऊन समोरून देवळांवर पडतं. पण बुधवार टाळा, बाजार असतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटच गायब होतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं असेल तर शूटिंगची बॅग उघडायचीच नाही. सिंहस्थ जवळ आला की खोदकामं निघतात, ती वेगळी. आणि गर्दी. आमच्या नायकाने डोळ्यांत पाणी आणलं तेव्हा एक आजी फ्रेममध्ये येऊन त्याला म्हणाल्या, "काय झालं रे बाळा, कोण गेलं?" आमच्या आख्ख्या शूटमधला तो सगळ्यात खरा शॉट होता आणि तो वापरता आला नाही.

गोंगाटाची भीती जास्त बाळगू नका. ट्रेलरमध्ये संवाद बहुतेक दुसऱ्याच चित्रावर ऐकू येतात. ते घरी, खिडक्या बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा. खरंच गोधडी, प्रतिध्वनी खाते. घाटावर ओठ स्पष्ट दिसतील असा एखादाच संवाद ठेवा.

बागेत शांतता आहे, गर्दी नाही, परवानगी एकाच माणसाची. अडचण आहे ती कॅलेंडरची. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग बोडकी होते, ऑक्टोबरच्या फळ छाटणीनंतर पुन्हा तेच. घड भरलेली बाग हवी तर जानेवारी ते मार्च. म्हणजे सबमिशन डिसेंबरात असेल तर द्राक्षं विसरा. पण तुमच्या नायकाच्या कथेत बोडकी बागच जास्त बोलेल असं मला वाटतं: नुसत्या काड्या, तारा, आणि त्यात उभा तो. पानं असतील तर मांडवाखाली ऊन ठिपक्यांनी पडतं, चेहऱ्यावर डाग येतात. जवळचे शॉट बांधावर घ्या.

पांडवलेणीचा विचार सोडा. ते पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, शूटिंगची परवानगी काढेपर्यंत सेमिस्टर संपेल. ड्रोनचंही तेच, देवळालीला लष्कर आहे.

गाण्याबद्दल वाद नको. सिनेमातलं गाणं लावलं तर यूट्यूब ते आपोआप ओळखतं आणि दावा येतो. आमच्या ट्रेलरचा आवाज सादरीकरणाच्या आदल्या रात्री बंद झाला होता. वर्गात कुणी पेटी वाजवणारं असेल तर त्याला चहा पाजा.

मी घाटाला एक सकाळ आणि बागेला दीड दिवस द्या म्हटलंय. बहिणीचं अजून ठरलं नाही, पण बाग ग्रुपमधल्या एकीच्या काकांची आहे, तेव्हा फवारणी कोणत्या दिवशी असते एवढं विचारून घ्यायचं काम तिने वहीत सगळ्यात वर लिहिलंय.