इलेक्ट्रोकीमोथेरपी घेऊन नऊ महिने झाले, माझा अनुभव

माझा स्तनाचा कॅन्सर आठ वर्षांपूर्वीचा. ऑपरेशन, कीमो, रेडिएशन सगळं झालं होतं. मागच्या वर्षी व्रणाच्या कडेला मसुरीच्या दाण्याएवढ्या लालसर गाठी उठल्या. बघता बघता अकरा झाल्या, त्यातल्या दोन फुटल्या. रेडिएशन त्याच जागी पुन्हा देता येणार नव्हतं. फुटलेली गाठ ज्यांच्या घरात आहे त्यांना वेगळं सांगायला नको: दिवसातून दोनदा ड्रेसिंग, पट्टी सोडवताना रक्त, आणि तो वास. नातीला कडेवर घेणं मी बंद केलं होतं.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, इलेक्ट्रोकीमोथेरपीचा हा उपचारही इथेच झाला. इथे नाइस या संस्थेने 2013 साली याबद्दल मार्गदर्शन काढलेलं आहे, त्यामुळे माझ्या डॉक्टरांना तो नवा नव्हता. याची सुरुवात मात्र फ्रान्सची. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेत लुई मीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांवरचे पहिले उपचार केले, ते 1991 मध्ये प्रसिद्ध झाले.

कल्पना साधी आहे. ब्लिओमायसिन हे औषध जुनंच, आपल्याकडे त्वचारोगतज्ज्ञ हट्टी चामखिळीतही टोचतात. पण ते पेशीच्या आवरणातून सहजासहजी आत जात नाही. गाठीला विजेचे अगदी छोटे झटके दिले की आवरणाला थोडा वेळ भोकं पडतात, औषध आत शिरतं आणि पेशीचा डीएनए तोडतं. एका जागी आठ झटके, प्रत्येक सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा. त्यामुळे औषध कमी लागतं. माझे केस गेले नाहीत, उलट्या झाल्या नाहीत. आधीच्या कीमोनंतर मला ही केवढी मोठी गोष्ट वाटली!

मला पूर्ण भूल दिली होती. औषध शिरेतून गेल्यावर आठ मिनिटं थांबतात आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाच्या आत सगळ्या गाठींचे झटके उरकतात, म्हणून एक नर्स फक्त घड्याळ बघायला उभी होती. हे मला नंतर तिनेच सांगितलं. षटकोनात बसवलेल्या सुया गाठीत खुपसतात, त्यांचे ठिपके दुसऱ्या दिवशी नीट मोजता येत होते. संध्याकाळी घरी आले. फुटलेल्या गाठींतलं रक्त त्याच दिवशी थांबलं, कारण झटक्यांनी तिथल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात.

आता जे मला कोणी नीट सांगितलं नाही ते. पहिले काही आठवडे आधीपेक्षा वाईट गेले. गाठी काळ्या पडल्या, जाड खपली धरली, खालून पाणी सुटलं, वास वाढला. ठणका इतका की तीन आठवडे मी डाव्या कुशीवर झोपले नाही. आधी रेडिएशन झालेल्या जागी जास्त दुखतं, हे मला ठणका लागल्यावर कळलं. उपचार फसला असं समजून मी रडत फोन केला होता. तो फसला नव्हता, मेलेली गाठ सुटून यायला वेळ लागतो. खपली ओढू नका. मी एक ओढली, तीच जखम सगळ्यांत शेवटी भरली.

दुसरी गोष्ट आपल्या सावळ्या कातडीची. औषध अंगात असताना त्वचा खाजवली किंवा चिकटपट्टी ओढून काढली की तिथे काळे डाग उठतात. माझ्या मनगटावर सलाईनची टेप ओढून काढली होती, तिथला तपकिरी चौकोन नऊ महिन्यांनी फिका झालाय, गेलेला नाही. छातीवर ईसीजीचे गोल तसेच. टेप अलगद सोडवा असं आधीच बजावून ठेवा, संकोच करू नका.

दोन महिन्यांनी तपासलं तेव्हा अकरापैकी आठ गाठी गेल्या होत्या. चार महिन्यांनी दुसरं सेशन झालं, त्यात आणखी दोन गेल्या. उरलेली एक चार सेंटिमीटरची आहे, ती आक्रसलीय पण हटत नाही. तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींना हा उपचार जास्त चांगला लागू पडतो. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: गाठी लहान असतानाच विचारा, मी पाच महिने घालवले.

हा उपचार जागेपुरताच आहे. काखेजवळ एक नवी गाठ आली आहे, आणि आतल्या आजारासाठी माझ्या गोळ्या चालूच आहेत. पण ड्रेसिंग आता आठवड्यातून दोनदा, कपाटातल्या सुती साड्या पुन्हा बाहेर आल्यात, आणि नात डाव्या बाजूला डोकं टेकून गोष्ट ऐकते.

ब्लिओमायसिन फुप्फुसांना इजा करू शकतं, त्याच्या आयुष्यभराच्या एकूण डोसला मर्यादा आहे. म्हणून प्रत्येक वेळचा डोस मी वहीत लिहून ठेवते. पुढे कुठल्याही ऑपरेशनला भूल द्यायची वेळ आली तर हे औषध घेतलेलं आहे हे भूलतज्ज्ञांना सांगावंच लागतं, कारण जास्त ऑक्सिजन अशा फुप्फुसांना सोसत नाही. तशी चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, एक सुनेच्याही पर्समध्ये.