लाइव्ह रॉक घ्यायचा की ड्राय रॉक?

खाऱ्या पाण्याचा टँक लावताना पहिला घोळ इथेच होतो. लाइव्ह रॉक म्हणजे समुद्री जीव अंगावर असलेला ओला दगड, त्यावर बॅक्टेरिया आधीच वाढलेले असतात त्यामुळे माशांना घातक अमोनिया लवकर आटोक्यात येतो, पण सोबत काय काय येईल सांगता येत नाही, एखादं इवलंसं ऐप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन) भेगेत दडून बसलेलं असतं, उपटायला गेलात तर उरलेल्या तुकड्यातनं परत उगवतं आणि मग कोरलला डंख मारत सगळीकडे पसरतं. ड्राय रॉक म्हणजे जीव नसलेला कोरडा दगड, त्यात ही भानगडच नाही, शिवाय निवांत बसून हवी तशी रचना चिकटवता येते. फक्त सायकलला, म्हणजे अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया टँकमधे वाढायला, 4 ते 6 आठवडे धरा, नंतर तपकिरी थरही बहुतेक येतोच, ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल असतात, घाबरू नका. मी तर ड्रायच घ्या म्हणेन, अमोनिया नायट्राइट दोन्ही 0 आल्याशिवाय मासा मात्र सोडू नका.