टपावरचं सोलर बदललं: भुसावळच्या उन्हाळ्यासकट आठ महिन्यांचा अनुभव

आमची कॅम्पर म्हणजे राहता-झोपता येईल अशी आतून बदलून घेतलेली ट्रॅव्हलर गाडी. आधी टपावर १६० वॅटचं एकच पॅनल आणि आत १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) ट्यूब्युलर, म्हणजे लेड-अ‍ॅसिड प्रकारची बॅटरी होती. लेड-अ‍ॅसिड निम्म्याखाली उतरवली की लवकर खराब होते, म्हणून जपून वापरायचो. तरी पहाटे फ्रिज बंद पडायचाच. नोव्हेंबरात २०० वॅटची दोन मोनो पॅनलं, पॅनलांतून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा एमपीपीटी कंट्रोलर आणि १०० एएचची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी बसवली. जुनी हलवायला दोघं लागायचे, ही जेमतेम बारा किलोची.

हिवाळा मजेत गेला. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत चार मुक्काम केले, फ्रिज एकदाही थांबला नाही. घोडेवाले टपाकडे बघून विचारायचे, "हाई काय शे, भाऊ?"

त्रास दिला तो मे महिन्याने. ऊन भरपूर म्हणजे वीज भरपूर, असं मलाही वाटायचं. पण पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वॅट जातात. फिटरने पॅनलं टपाला जवळपास चिकटवूनच बसवली होती. फेब्रुवारीत ३२० वॅट दाखवणारं अ‍ॅप मेमध्ये, सूर्य थेट डोक्यावर असूनही, २८०च्या पुढे सरकेना. आणि एका दुपारी दोन वाजता चार्जिंगच शून्य! मागच्या सीटखालच्या पत्र्याच्या पेटीत बॅटरीचे सेल ५६ अंशांवर गेले होते, बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटने, चार्जिंग तोडलं होतं. बिघाड नव्हता, बॅटरीने स्वतःला वाचवलं होतं.

मग पॅनलं अँगल लावून तीन इंच उचलली, खालून वारा खेळू लागला. बॅटरी पत्र्यापासून दूर, पलंगाखाली प्लायवर ठेवली, कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावला. त्यानंतर चार्जिंग तुटलं नाही.

पॅनलं सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग साखळीत जोडलेली होती, ती पॅरलल, म्हणजे वेगवेगळी जोडून घेतली. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी निंबाखालीच लागते. एकावर सावली आली तरी दुसरं पूर्ण चालतं. धूळ रोज बसते, पण काच पहाटेच पुसा, तापल्यावर गार पाणी नको.

इंडक्शनचा नाद मी सोडला, स्वयंपाक गॅसवरच. मात्र डीसी-डीसी चार्जरचे पैसे वाचवू नका; गाडी चालू असताना इंजिनावरच्या अल्टरनेटरची (वीज बनवणाऱ्या यंत्राची) वीज तो बेताने बॅटरीत भरतो. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडली तर ती त्यातून इतका करंट ओढते की तो तापून जळू शकतो. जुलैत तोरणमाळला दोन दिवस ढग हटले नाहीत, पॅनलं नावालाच होती. शहाद्याकडे घाट उतरेपर्यंत बॅटरी बऱ्यापैकी भरली, ती या चार्जरमुळेच.