बाबांनी सांगितलेला एक प्रश्न मी विचारला नाही

दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून पणजीला गाडीनं जायचं, पण महामार्गानं नाही, समुद्राकाठानं, असं आमचं दोन वर्षांपासून चाललं होतं. या प्रवासाच्या तयारीत आमचे ४०,२०० रुपये गेले, तेही एकाच संध्याकाळी, साधारण अडीच तासांत. कसे गेले ते तपशिलासकट लिहिते आहे, कारण सध्या कोकणातल्या घरगुती मुक्कामांची बुकिंगं जोरात आहेत आणि आम्हाला ज्यानं फसवलं त्याचा धंदा अजून सुरू आहे.

ही सहल मुळात बाबांसाठी होती. माझे वडील एसटीत चालक होते. ठाणे–गुहागर रातराणी त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. कशेडी, भोस्ते, परशुराम हे घाट त्यांना अंधारातच पाठ. पहाटे गुहागरला पोचायचं, दिवसा डेपोत झोप काढायची आणि रात्री परत. "कोकण मी हेडलाइटच्या उजेडात बघितलं," असं ते म्हणतात. म्हणून आई-बाबा, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशा सहा जणांनी आठ दिवस दिवसाउजेडी, खाड्या ओलांडत जायचं ठरलं.

मार्ग बाबांनी आणि मी वहीत लिहून काढला होता. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो बोटीनं मांडवा, मग रेवदंडा, काशिद, मुरूडला मुक्काम. आगरदांड्याहून बोटीनं दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी बागमांडला–वेश्वी बोटीनं सावित्रीची खाडी, पुढे केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली, दाभोळ. तिथून पुन्हा बोटीत गाडी चढवून धोपावे आणि मग गुहागर. गुहागरला दोन रात्री. तवसाळ–जयगड बोट, गणपतीपुळ्याला एक रात्र, आरे-वारेचा रस्ता, रत्नागिरी, देवगड, तारकर्लीला दोन रात्री, आणि शेवटी वेंगुर्ला, शिरोडा, रेडी करत तेरेखोलची खाडी ओलांडून गोवा. हे सगळं इतकं सविस्तर सांगते आहे त्याला कारण आहे. वहीतल्या या पानावरच त्या माणसाचं खोटं उघडं पडत होतं.

मुरूड, हरिहरेश्वर आणि गणपतीपुळे ओळखीतून ठरलं. गुहागरसाठी मी मोबाइलच्या नकाशावर शोधलं. एक कौलारू घर दिसलं. पुढे सारवलेलं अंगण, झोपाळा, विहीर, विहिरीशेजारी वाकडा माड, मागे पोफळीची वाडी. साडेचार तारे, अभिप्राय भरपूर. तिथेच दिलेल्या नंबरवर फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

माणूस मराठीत बोलत होता, अतिशय अदबीनं. "बोला ताई, येवा, कोकण आपलोच आसा." मला छान वाटलं. बाबा समोर बसले होते, त्यांच्या कपाळावर आठी आली. फोन ठेवल्यावर म्हणाले, "गुहागरचा माणूस असा बोलत नाही. ही मालवणी झाली." मी म्हटलं, बाबा, पर्यटकांशी आता सगळेच असं बोलतात. मग ते म्हणाले, "बरं. पुढच्या वेळी फोन झाला की त्याला विचार, हरिहरेश्वराहून येताना दाभोळला बोट धरू की चिपळूणवरून वळून येऊ? गुहागरात राहणारा माणूस याचं उत्तर झोपेतसुद्धा देईल."

मी विचारलं नाही. म्हणजे अर्धवट विचारलं. दुसऱ्या फोनवर मी एवढंच म्हटलं, "हरिहरेश्वरहून किती वेळ लागेल?" तो म्हणाला, "दीड तास धरा ताई, सरळ रस्ता आहे." हरिहरेश्वर आणि गुहागर यांच्यामध्ये सावित्री आणि वाशिष्ठी अशा दोन खाड्या आहेत. दोनदा बोटीत गाडी घालावी लागते, नाहीतर आत महाड-खेड-चिपळूणचा मोठा वळसा. सरळ रस्ता तिथे नाहीच. माझ्या वहीत ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. तरीही मी "बरं" म्हणाले, कारण तो त्याच दमात सांगत होता की दिवाळीच्या दोनच खोल्या उरल्या आहेत आणि पुण्याची एक पार्टी अर्ध्या तासात पैसे भरणार आहे.

दोन खोल्या, दोन रात्री, एकूण १२,८००. निम्मे आगाऊ, म्हणजे ६,४००. यूपीआयनं पाठवताना ॲपवर नाव आलं ते घराच्या पानावर लिहिलेल्या मालकाचं नव्हतं, आडनावसुद्धा कोकणातलं वाटत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "आमचा हिशोब बघणारा मुलगा आहे, त्याचा नंबर." मी पाठवले. लगेच व्हॉट्सॲपवर घराचं नाव छापलेली पावती आली. मग त्यानं विचारलं, पुढे कुठे जाणार? तारकर्ली म्हटल्यावर, "माझ्या मेव्हण्याचंच आहे तिथे, अगदी किनाऱ्याला लागून, स्कूबाही तोच करून देतो." त्याचे आगाऊ ७,०००. तेही गेले. इथवर १३,४०० झाले होते आणि मला अजून आनंदच होता की दोन मुक्काम एका फोनवर सुटले.

खरी लूट इथून पुढे झाली, आणि ती कशी झाली हे नीट समजून घ्या, कारण इथेच माझ्यासारखी माणसं अडकतात.

साडेआठच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाजात काळजी. म्हणे दोन रकमा वेगवेगळ्या आल्यामुळे सिस्टिमनं बुकिंग धरलंच नाही. १३,४०० ची एकच रक्कम आली तरच नोंद होते. तुम्ही एकदा एकत्र पाठवा, आधीच्या दोन्ही दहा मिनिटांत आपोआप परत येतील. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "मग मला रात्री बारानंतर खोल्या सोडाव्या लागतील ताई, आणि तुमचे पैसे अडकून राहतील ते परत काढायला पंधरा दिवस." त्याच वेळी दुसऱ्या नंबरवरून 'अकाउंट्समधून बोलतोय' म्हणून एक बाई बोलली, तिनंही तेच सांगितलं. मी १३,४०० पाठवले.

त्यानंतर मी खोल्यांचा विचार करतच नव्हते. गेलेले पैसे परत यावेत, एवढंच डोक्यात होतं. आधीचे परत मिळवायचे म्हणून पुढचे घालायचे, हा त्यांचा मंत्र आहे आणि तो चालतो, कारण प्रत्येक वेळी थांबणं म्हणजे आधीचं सगळं सोडणं. शिवाय ते फोन ठेवू देत नाहीत. "लाइनवर राहा, नाहीतर रिफंड रद्द होईल." लाइनवर राहिलं की शेजारी बसलेल्या नवऱ्याशीही धड बोलता येत नाही. तो खुणा करत होता, मी हातानंच थांब म्हणत होते.

मग त्यानं क्यूआर कोड पाठवला. "हा स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, तुमचे १३,४०० जमा होतील." मी स्कॅन केला, रक्कम दिसली, पिन टाकला. १३,४०० आणखी गेले. घड्याळात नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. पैसे आपल्याकडे येताना पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, हे मला माहीत होतं, मी हे आईला दहा वेळा समजावलेलं आहे. त्या क्षणी ते माझ्या मनात आलं नाही. फोन कानाला होता आणि कोणीतरी सतत बोलत होतं.

नवऱ्यानं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. नंतरचा अर्धा तास मी नुसती बसून होते. तो अर्धा तास मला सगळ्यात जास्त लागून राहिला आहे, कारण तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरले. पावणेदहाच्या पुढे आम्ही १९३० वर फोन लावला. हा केंद्र सरकारचा आर्थिक सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. त्यांनी व्यवहाराचे क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी विचारला. हे सगळं ॲपच्या व्यवहारांच्या यादीत असतं, त्याचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, चॅटचेही, आणि चिडून चॅट पुसू नका. तक्रारीचा क्रमांक मिळाला, मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर सविस्तर तक्रार भरली, सकाळी पोलीस ठाण्यात आणि बँकेत गेलो. शेवटच्या १३,४०० पैकी ९,१०० रुपये समोरच्या खात्यात गोठवता आले. ते अजून आमच्या हातात आलेले नाहीत. बाकीचे गेले. बँकेनं सांगितलं की पिन तुम्हीच टाकला होता, त्यामुळे हा तुमच्या संमतीनं झालेला व्यवहार धरला जातो. ऐकताना फार राग आला, पण ही गोष्ट सगळ्यांना आधीच माहीत असायला हवी.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काही न बोलता आपली जुनी डायरी काढली. गुहागरजवळ शृंगारतळीला त्यांचे एक निवृत्त वाहक मित्र राहतात. बाबांनी त्यांना घराचे फोटो पाठवले. काका संध्याकाळी स्कूटरवरून शोधत गेले आणि तिथूनच फोन लावून घरमालकांच्या हातात दिला. घर खरं होतं. अंगण, झोपाळा, विहीर, सगळं खरं. फक्त नकाशावरचा नंबर त्यांचा नव्हता. त्या पानावर कोणीही बदल सुचवू शकतं आणि कोणीतरी तो नंबर बदलला होता. मालक म्हणाले, "तरीच महिनाभर मला फोन नाही. मला वाटलं यंदा लोकांकडे पैसा नाही." म्हणजे त्यांच्या घराच्या फोटोंवर कोणी दुसराच कमावत होता आणि ते मात्र खोल्या झाडून वाट बघत बसले होते. मे महिन्यात त्यांच्या दारात रात्री नऊ वाजता एक कुटुंब उभं राहिलं होतं, लहान बाळासकट, हातात त्यांच्याच घराच्या नावाची पावती. घर भरलेलं होतं. त्यांनी त्यांना पडवीत झोपायला दिलं. तेव्हा त्यांना वाटलं की एखाद्या एजंटची गफलत असेल.

आम्ही सहल रद्द करणार होतो. बाबा म्हणाले, जाऊ या. तारकर्ली गाळली, स्कूबा गाळलं, दोन दिवस कमी केले, मुलांनी कुरकुर केली नाही. गुहागरच्या मालकांनी आगाऊ म्हणून फक्त १,००० घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून, आणि त्याआधी मी त्यांना व्हिडिओ कॉल करायला लावला. ते मोबाइल हातात धरून अंगणातून विहिरीपर्यंत चालत गेले. हे मागताना मला संकोच वाटत होता. ते म्हणाले, "मागायलाच हवं ताई. खरा असेल तो दाखवेल." बाबांनी मागून तोच प्रश्न विचारला, दाभोळ की चिपळूण? मालकांनी क्षणही घेतला नाही. "दाभोळहून या. पण शेवटच्या बोटीवर अवलंबून राहू नका, सुट्टीत गाड्यांची रांग लागते. उजेडात जेट्टीवर या." मुक्काम विकणारा माणूस आपल्या दारापर्यंतची वाट अशी सांगतो.

आता मी कुठलंही घर ठरवताना नकाशावरच्या नंबरावर थेट पैसे पाठवत नाही. गावातल्या दुसऱ्या कोणाला तरी, खानावळवाल्याला, बोटीच्या कार्यालयात, आधी राहून आलेल्याला तो नंबर दाखवते. ॲपवरचं नाव आणि मालकाचं नाव जुळलं नाही तर तिथेच थांबते, कारण काहीही दिलं तरी. आणि पैशांचं बोलणं सुरू असताना फोन कानाला ठेवतच नाही.

दाभोळहून बोट सुटली तेव्हा बाबा गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहिले. गुहागरला इतकी वर्षं आलेला माणूस, या बाजूनं पहिल्यांदाच येत होता. धोपाव्याला फळी पडेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

गुहागरच्या अंगणात मुलांनी विचारलं, फोटोतला वाकडा माड कुठे आहे? मालकांनी विहिरीशेजारचा बुंधा दाखवला. दोन पावसाळ्यांपूर्वी तो वाऱ्यात पडला. ते फोटो त्याआधीचे आहेत. त्यांनी आता आपला नंबर दुरुस्त करून घेतला आहे, पण गेल्या रविवारी मला त्याच घराचं आणखी एक पान सापडलं, नाव वेगळं, गाव वेळणेश्वर, नंबर तिसराच. मी तक्रार केली आहे, त्यांनाही कळवलं आहे. विहिरीशेजारी वाकडा माड असलेलं कौलारू घर कुठेही, कुठल्याही नावानं दिसलं तर पैसे पाठवू नका. तो माड आता नाही.