व्हिसाची हमी देणाऱ्या एजंटने अर्जात खोटे कागद घातले

परदेशी जोडीदाराला भेटीसाठी ब्रिटनला बोलावणार असाल, तर आमच्या बाबतीत काय झालं ते आधी वाचा. पैसे तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे माझ्या जोडीदाराच्या नावावर नकार लागला आणि कारण लिहिलं गेलं: खोटी कागदपत्रं.

मी ब्रिटनमध्ये नोकरी करतो, ती तिच्या देशात. ओळखीतून तिला तिथलाच एक एजंट मिळाला. माझ्या पगाराच्या स्लिपा पाहून तो म्हणाला, "सर, तुमच्यासारखा स्पॉन्सर असल्यावर व्हिसा पक्का. आत माझी माणसं आहेत." स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाची सरकारी फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली. त्याने मागितले त्याच्या कित्येक पट. वर नकार आला तर सगळे परत, असंही सांगितलं. अर्जावर निर्णय झाल्यावर सरकारी फी परत मिळत नाही, हे त्याला नक्कीच ठाऊक होतं.

बोलावणारा पैसेवाला असला की व्हिसा मिळतो, या समजुतीवर यांचा सगळा धंदा चालतो. माझं पत्र, बँक स्टेटमेंट, राहण्याच्या जागेचा पुरावा यांवरून कळतं ते इतकंच, की खर्च कोण करणार आणि त्याला तो झेपेल का. अधिकारी मुख्यतः पाहतो ते येणाऱ्या माणसाकडे. तिकडे नोकरी काय, घरची जबाबदारी काय, भेट संपली की परत जाईल का. तिथे माझा पगार कितीही असला तरी कामाचा नाही.

तिच्या खात्यात पैसे थोडे होते आणि त्यात काही वावगं नव्हतं. खर्च मी करणार होतो, नियमांना ते चालतं. पण एजंटने आम्हाला न विचारता फुगवलेलं बँक स्टेटमेंट आणि भलत्याच कंपनीचं नोकरीचं पत्र जोडलं. ऑनलाइन अर्ज त्याने स्वतःच्या ईमेलवरून भरला होता. ती फक्त बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला गेली. अर्जात काय लिहिलंय ते तिला दिसलंच नाही. निर्णयही त्याच्याच ईमेलवर आला आणि पासपोर्टही त्यानेच सोडवून घेतला. नकार दाबून ठेवून "थोडा उशीर होतोय" म्हणत राहिला आणि शेवटी अपिलाचे म्हणून आणखी पैसे मागितले. व्हिजिटर व्हिसाच्या नकारावर एरवी अपीलच नसतं! तिथे त्याचं पितळ उघडं पडलं.

होम ऑफिसकडून, म्हणजे व्हिसा पाहणाऱ्या ब्रिटनच्या गृहखात्याकडून, आपल्या नावच्या नोंदींची प्रत फुकट मागवता येते. तिने ती मागवली, तेव्हा ते कागद आम्ही पहिल्यांदा पाहिले. नोकरीच्या पत्रावर तिचा हुद्दासुद्धा चुकीचा होता. ती इतकी रडली की त्या माणसाला मी कधीच माफ करणार नाही. कारण जोडलेला कागद खोटा निघाला, तर अर्जदाराला ते ठाऊक नसलं तरीही अर्ज नाकारता येतो. जाणूनबुजून फसवलं असं ठरलं, तर पुढची दहा वर्षं व्हिसा मिळणं जवळपास बंद. हे सगळं येतं ते अर्जदाराच्या डोक्यावर, एजंटचं नाव कुठेच नसतं.

ब्रिटनमध्ये राहून इमिग्रेशनचा सल्ला देणारा माणूस वकील तरी असावा लागतो किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटी या सरकारी संस्थेकडे नोंदलेला तरी, आणि त्या संस्थेची यादी कुणालाही पाहता येते. परदेशात बसलेल्या एजंटला हे बंधन लागत नाही. म्हणून कळकळीने सांगतो, अर्ज येणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या ईमेलवरूनच भरा, पासवर्ड कुणाला देऊ नका आणि पाठवण्याआधी दोघांनी प्रत्येक पान, प्रत्येक जोडपत्र उघडून वाचा. "ते आमच्यावर सोडा" म्हणणाऱ्याकडून कागद परत घ्या.

नव्या अर्जात आधीच्या नकाराबद्दल विचारतात. तो लपवला असता तर खरीच फसवणूक झाली असती. तिने नकाराची हकिगत सरळ लिहिली, एजंटचे मेसेज, पैसे दिल्याच्या पावत्या आणि पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडली. या वेळी बँक स्टेटमेंट तिचं खरं आहे, थोड्या पैशांचं. निर्णय अजून यायचा आहे.