हँडल थेट बंद करावं की कॅन्सल-आयओ-ईएक्स?

विंडोजवर ओव्हरलॅप्ड रीड, म्हणजे थ्रेडला न अडवता मागे चालू राहणारं वाचन, टाकणं सोपं. ते आवरतं घेताना खरी कसरत असते. समोरून डेटा येत नाही, रीड लटकलेलं आहे आणि सर्व्हिस थांबवायची आहे. दोन वाटा उरतात: हँडल (उघडलेल्या फाइलला किंवा कनेक्शनला विंडोजने दिलेला आकडा) बंद करून मोकळं व्हायचं, नाहीतर कॅन्सल-आयओ-ईएक्स (CancelIoEx) हे रिक्वेस्ट रद्द करणारं फंक्शन वापरायचं. जुनं कॅन्सल-आयओ मी धरतच नाही. ते फक्त स्वतःच्या थ्रेडने टाकलेल्या रिक्वेस्ट रद्द करतं, आणि अनेक थ्रेड कामं वाटून घेतात त्या थ्रेडपूलमध्ये कुठलं रीड कुणी टाकलं याचा हिशोब कोण ठेवणार?

हँडल बंद करणं एका ओळीचं काम. छोट्या टूलमध्ये मीही तेच करतो, आणि चालतं. मात्र हँडलची प्रत चाइल्ड प्रोसेसकडे गेली असेल, तर आपण आपलं बंद केलं तरी रीड तसंच लटकून राहतं.

माझं मत फिरलं ते हँडलच्या आकड्यामुळे. बंद झालेला आकडा विंडोज पुन्हा वापरतं. एका थ्रेडने हँडल बंद केलं, तेवढ्यात दुसऱ्याने नवी फाइल उघडली आणि तिला तोच आकडा मिळाला. आता तिसरा थ्रेड जुना आकडा हातात धरून राइट करायला निघालाय. एरर येत नाही, क्रॅश होत नाही. डेटा मुकाट्याने भलत्याच फाइलमध्ये जातो. मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हिसमध्ये हे लोड वाढल्यावरच व्हायचं, आणि डीबगर लावला की गायब!

व्हिस्टापासून मिळालेलं कॅन्सल-आयओ-ईएक्स कुठल्याही थ्रेडमधून चालतं, हवी ती एकच रिक्वेस्ट रद्द करतं, आणि हँडल शाबूत राहतं. कटकट इथेही आहेच. फंक्शनकडून ट्रू आलं म्हणजे फक्त रद्द करायची विनंती पोचली. मूळ रिक्वेस्ट रद्द होऊन किंवा पूर्ण होऊन परत येईपर्यंत तिचं ओव्हरलॅप्ड स्ट्रक्चर आणि बफर फ्री करायचे नाहीत. 1168 ('रद्द करायला काही सापडलं नाही' हा एरर) आला तर बहुधा रीड आधीच पूर्ण झालेलं असतं. दुसरा थ्रेड नेमका त्यानंतर नवं रीड टाकू शकतो, म्हणून 'बंद होतोय' हा फ्लॅग लॉकखाली आधी लावावा लागतो.

टीसीपीवर अर्धवट सेंड रद्द केलं, तर किती बाइट गेले याची खात्री उरत नाही; ते कनेक्शन तसंही बंदच करावं लागतं. तुमचा कोड एकाच थ्रेडचा असेल तर कदाचित हा सगळा खटाटोप नको. मी मात्र तिथेही आधी कॅन्सल करतो, 995 ('रद्द झालं' हा एरर) घेऊन परतणाऱ्या कम्प्लीशन, म्हणजे रिक्वेस्ट संपल्याच्या सूचना, मोजून घेतो आणि मगच हँडल सोडतो.